पलंगावरचा रंग: लाख, शिसे आणि घरातले लाकडी सामान

लष्कर मोहल्ला हे नाव मराठी वाचकाला फोडून सांगावे लागत नाही. म्हैसूर शहराच्या उत्तर अंगाची ही जुनी वस्ती. अशोका रोडवर सेंट फिलोमिना चर्चचे दोन उंच मनोरे ही तिची खूण. तिथून आणखी उत्तरेला गेले की बन्नीमंटप लागते. कन्नडमध्ये बन्नी म्हणजे शमी, आणि दसऱ्याची जंबू सवारी राजवाड्यातून निघून संपते ती इथे. या बन्नीमंटपाच्या परिसरात कर्नाटक सरकारच्या मालकीचा एक रंगाचा कारखाना आहे. मतदान केल्यावर बोटाला लागणारी शाई तिथे तयार होते, एवढेच बहुतेकांना माहीत असते. १९३७ साली नाल्वडी कृष्णराज वडेयरांच्या कारकिर्दीत तो सुरू झाला तेव्हा शाईचा काही संबंध नव्हता. ती १९६२ च्या निवडणुकीपासूनची गोष्ट. कारखान्याचे मूळ नाव होते ‘म्हैसूर लॅक अँड पेंट वर्क्स’.

या नावावर थोडे थांबू. लाख आणि रंग. घरातल्या लाकडी सामानाला वरून काय लावायचे, या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरे एकाच पाटीवर लिहिलेली होती. एक उत्तर जंगलातून येणारे, दुसरे खनिजांतून. १९८९ मध्ये कारखान्याचे नाव बदलून ‘म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश’ झाले आणि पाटीवरची लाख गेली. देशभरच्या घरांतूनही ती साधारण त्याच काळात गेली होती. तिच्या जागी जे आले त्यात शिसे होते, फॉर्माल्डिहाइड होते. ते घरात कसे शिरले आणि बाहेर काढायला इतका वेळ का लागला, हा या टिपणाचा विषय. वाचायला बारावीपुरते रसायनशास्त्र पुरेल.

लाख गेली ती का

लाख हा एका किड्याचा स्राव. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या फांद्यांवर तो साचतो. खरवडून, धुऊन, वितळवून त्याचे पातळ पापुद्रे केले की चपडा लाख होते. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा आणि कापडाच्या पुरचुंडीने लाकडावर हात मारत जायचे, हे आपले जुने स्पिरिट पॉलिश. या मालात भारताची जवळजवळ मक्तेदारी होती. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली लाखेसाठी स्वतंत्र संशोधन संस्था निघाली, यावरून तिचे व्यापारी मोल लक्षात येईल. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर शुद्ध लाख निरुपद्रवी: औषधाच्या गोळ्यांवर आणि चॉकलेटच्या चकचकीत गोळ्यांवर आजही तिचाच थर असतो. पॉलिश करताना स्पिरिटची वाफ लागते, पण ती उडून गेल्यावर मागे राहते ती फक्त लाख.

मग ती हरली कुठे? चहाच्या कपाखाली. गरम कप टेबलावर ठेवला की लाखेवर पांढरे कडे उमटते. साबणाच्या पाण्याने थर खराब होतो, पावसाळ्यात दमटपणाने तो निस्तेज होतो. दर काही वर्षांनी पॉलिशवाल्याला बोलवावे लागते. डब्यातून काढून ब्रशने लावता येणारा, पाणी सोसणारा, हव्या त्या रंगात मिळणारा ऑइल पेंट बाजारात आल्यावर मध्यमवर्गीय घराने काय निवडले असेल हे सांगायला नको. १९५४ मध्ये एशियन पेंट्सच्या जाहिरातींसाठी हातात ब्रश घेतलेला खोडकर गट्टू जन्माला आला. तो काढला आर. के. लक्ष्मण यांनी, म्हणजे म्हैसूरच्याच माणसाने. रंग ही सणासुदीला घरच्या घरी करण्याची गोष्ट आहे, हे अशा जाहिरातींनी लोकांच्या मनात बसवले.

इथे एक सावधगिरी हवी. ‘जुने ते नैसर्गिक आणि म्हणून सुरक्षित, नवे ते रासायनिक आणि म्हणून विषारी’ असा समज या विषयावर बोलताना फार लवकर होतो, आणि तो चुकीचा आहे. लाख स्वतः निरुपद्रवी असली तरी तिला रंग देणारे पदार्थ तसे नव्हते. पिवळ्यासाठी हरताळ वापरत, म्हणजे आर्सेनिकचे सल्फाइड. तांबड्यासाठी हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड. नारिंगीसाठी शेंदूर, म्हणजे शिशाचे ऑक्साइड. पांढऱ्यासाठी सफेदा, आणि जुना सफेदा म्हणजे शिशाचा क्षारयुक्त कार्बोनेट. पोथीतली चूक झाकायला लेखनिक तिच्यावर हरताळ लावत, आणि त्यावरूनच ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आला. त्या हरताळाने पोथीला कसरही लागत नसे. कसरीला मारणारी वस्तू माणसाला पोषक असण्याचे कारण नाही. आपल्या कारागिरांच्या पेटीत विष पूर्वीही होतेच. पूर्वी आणि नंतर यांत फरक पडला तो प्रमाणाचा: हरताळ महाग, थोडासा, कारागिराच्या हातात, शिशाचा ऑइल पेंट स्वस्त, लिटरवारी, घरोघर.

शिसे इतके लाडके का होते

रंगाच्या डब्यात शिसे कुणी दुष्टपणाने घातले नव्हते. ते उत्तम काम करत होते, म्हणून घातले. जवसाच्या तेलातल्या मेदाम्लांशी सफेद्याची क्रिया होऊन शिशाचे साबण तयार होतात, त्यामुळे थर चिवट आणि लवचीक राहतो. लाकूड उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, तरी असा थर तडकत नाही. शिशाचे क्षार तेल लवकर वाळवतात, म्हणून दुसऱ्या रंगांतही ते शोषक म्हणून थोडे घालत. लोखंडी खाट, ट्रंक आणि खिडकीचे गज गंजू नयेत म्हणून खाली शेंदराचा हात. झगझगीत पिवळ्यासाठी शिशाचा क्रोमेट. त्यात प्रशियन निळा मिसळला की दारे-खिडक्यांचा तो ओळखीचा हिरवा.

दोष पुढे दिसतो. तेलरंगाचा थर उन्हाने आणि घासण्याने भुकटी होऊन झडू लागतो. ही भुकटी जमिनीवर पडते, रांगणाऱ्या मुलाच्या तळहाताला चिकटते आणि तोंडात जाते. दात येणारे मूल पलंगाचा कठडा चावते ते तर थेटच. शिशाची चव किंचित गोडसर असते, हे आणखी वाईट.

आकडेमोड करून पाहा. एका जुन्या पलंगावर आठ-दहा हात चढलेले आहेत आणि रंगात वजनाने १ टक्का शिसे आहे असे धरा. अंगठ्याच्या नखाएवढे दोन पोपडे मिळून साधारण ०.१ ग्रॅम भरतील. त्यात शिसे १ मिलिग्रॅम, म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाच्या पोटातून साधारण दहावा हिस्सा रक्तात जातो, लहान मुलाच्या पोटातून चाळीस ते पन्नास टक्के. दोन वर्षांच्या मुलाच्या अंगात रक्त असते सुमारे एक लिटर. अमेरिकेत १९९१ पासून २०१२ पर्यंत धोक्याची खूण होती दर १०० मिलिलिटर रक्तात १० मायक्रोग्रॅम. म्हणजे या मुलाच्या सगळ्या रक्तात मिळून १०० मायक्रोग्रॅम. शिसे रक्तात तेवढेच थांबत नाही, हाडांत आणि इतर अवयवांत वाटले जाते, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे. तरी दोन पोपडे काय करू शकतात याची कल्पना यावी. ती खूण पुढे ५ वर आणि २०२१ मध्ये ३.५ वर आणली गेली. शिशाची अमुक पातळी मुलांच्या मेंदूला सुरक्षित, असे आज कोणी म्हणत नाही.

हे ज्ञान नवे होते का? अजिबात नाही. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरातही लाकडी घरे, व्हरांडे आणि कडक ऊन आहे. तिथल्या डॉक्टरांनी १८९२ मध्येच मुलांतली शिशाची विषबाधा नोंदवली होती, पण शिसे येते कुठून हे कळत नव्हते. १९०४ मध्ये जॉन लॉकहार्ट गिब्सन या नेत्रतज्ज्ञाने बोट ठेवले ते व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यावर. मुले हात ठेवतात, हाताला भुकटी लागते, बोटे तोंडात जातात: इतका साधा मार्ग, आणि तो मान्य करून घ्यायला गिब्सनला वर्षानुवर्षे भांडावे लागले. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने इमारतींच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरू नये असा करार केला, तो मुख्यतः रंगाऱ्यांसाठी. १९२२ मध्ये क्वीन्सलँडने मुलांचा हात पोहोचेल अशा ठिकाणी शिशाच्या रंगावर कायद्याने बंदी घातली. अमेरिकेत घरगुती रंगावर तशी बंदी आली १९७८ मध्ये. भारतात, थांबा, ते पुढे येईल.

मध्ये एक चांगली गोष्ट घडली ती आरोग्याच्या कारणाने नव्हेच. केरळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, त्यापासून टायटॅनियम डायऑक्साइड हे उत्तम पांढरे रंगद्रव्य निघते. १९४६ मध्ये त्रावणकोर संस्थानात त्यासाठी कंपनी स्थापन झाली. सफेद्यापेक्षा ते जास्त झाकते आणि गटाराजवळच्या हायड्रोजन सल्फाइडने काळेही पडत नाही. त्यामुळे पांढऱ्या रंगातले शिसे बाजाराच्या नियमानेच कमी होत गेले. पिवळ्या, नारिंगी, हिरव्यात मात्र ते राहिले, कारण क्रोमेटच्या तोडीचा स्वस्त पर्याय नव्हता.

बेंगळुरू १९९९ ते दिल्ली २०१६

भारतात शिसे म्हटले की विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लोकांना पेट्रोल आठवे. धूर दिसतो, नाकाला झोंबतो. पलंग गप्प असतो. माझ्या मते रंगाकडे लक्ष जायला उशीर होण्याचे हे मोठे कारण होते.

हे चित्र बदलायला सुरुवात झाली म्हैसूरपासून दीडशे किलोमीटरवर. बेंगळुरूच्या जॉर्ज फाउंडेशनने मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई अशा मोठ्या शहरांत हजारो लोकांचे रक्त तपासले. बारा वर्षांखालच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांच्या रक्तात शिसे १० मायक्रोग्रॅमच्या खुणेवर निघाले. फेब्रुवारी १९९९ मध्ये बेंगळुरूत शिशाच्या विषबाधेवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे भारतीय रंगांच्या तपासण्यांचे आकडेही मांडले गेले आणि रंगांत शिसे टक्क्यांत मोजावे असे आहे हे समोर आले. सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. वेंकटेश थुप्पिल यांनी शिशाच्या विषबाधेसाठी राष्ट्रीय संदर्भ केंद्र चालवले. २००० साली देशभर बिनशिशाचे पेट्रोल आले. पेट्रोल बाजूला झाल्यावर उरलेले स्रोत उघडे पडले.

२००७ च्या सुमारास दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने बाजारातले डबे विकत घेऊन तपासले. निकाल विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. भिंतींना लावायच्या पाण्यातल्या प्लास्टिक रंगांत शिसे नगण्य. एनॅमलमध्ये, म्हणजे आपल्या ऑइल पेंटमध्ये, बहुतेक डब्यांत भरपूर, आणि पिवळ्या-नारिंगीत सर्वांत जास्त. आता घरात बघा. भिंतीला प्लास्टिक रंग. पलंग, पाळणा, कपाट, दार, गज यांना एनॅमल. ज्या वस्तूंना मूल धरते, चावते, ज्यांवर डोके टेकते, त्या वस्तूंचाच रंग वाईट होता.

त्या वेळी नियम नव्हतेच असे नाही. भारतीय मानक ब्यूरोची मानके होती, १९९१ पासून पर्यावरणस्नेही मालासाठी इकोमार्क योजनाही होती. पण सगळे ऐच्छिक. ज्याला चिन्ह हवे त्याने मर्यादा पाळायची. मोठ्या कंपन्यांनी कायदा येण्याआधीच शिसे काढायला सुरुवात केली, कारण त्यांना निर्यात आणि नाव दोन्ही सांभाळायचे होते. गल्लीबोळांतल्या छोट्या कारखान्यांना यातले काहीच सांभाळायचे नव्हते. ऐच्छिक मानक चांगल्याला अधिक चांगले करते आणि वाईटाला हात लावत नाही, हे इथे स्वच्छ दिसते.

अखेर पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ याखाली केंद्र सरकारने १ नोव्हेंबर २०१६ रोजी घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशाविषयी नियम काढले. एक वर्षानंतर, १ नोव्हेंबर २०१७ पासून, दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त शिसे असलेला असा रंग बनवणे आणि विकणे बंद झाले. डब्यावर तसे छापणेही बंधनकारक झाले. क्वीन्सलँडच्या कायद्यानंतर पंचाण्णव वर्षांनी. मघाचे दोन पोपडे पुन्हा घ्या: ०.१ ग्रॅम रंगात आता जास्तीत जास्त ९ मायक्रोग्रॅम. हजाराचे नऊ. एका ओळीच्या नियमाने जे झाले ते हजारो आयांना ‘मुलाला पलंग चावू देऊ नका’ असे सांगून झाले नसते. औद्योगिक रंग मात्र या नियमाच्या बाहेर राहिले, आणि कारखान्यातूनच रंगून आलेल्या खुर्चीचा डबा गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही.

प्लायवूड: न दिसणारी वाफ

सागवान आणि शिसम सामान्य घराच्या आवाक्याबाहेर गेले तसे प्लायवूड आणि भुशाचे बोर्ड आले. इथे धोका आत, गोंदात आहे. स्वस्त प्लायचा गोंद युरिया आणि फॉर्माल्डिहाइडचा. या दोघांतला बंध दमट उष्ण हवेत हळूहळू सुटतो आणि फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर येत राहतो; महिने, कधी वर्षे. नवे कपाट उघडल्यावर डोळ्यांना झोंबते ते हे. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. २०१० मध्ये घरातल्या हवेसाठी मर्यादा सुचवली गेली: अर्ध्या तासाच्या सरासरीने घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम.

फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचा गोंद याच कुळातला, पण त्याचा बंध पक्का असल्यामुळे वायू फार कमी सुटतो. सुताराच्या भाषेत ‘कमर्शियल’ प्लाय म्हणजे बहुधा युरियाचा आणि ‘वॉटरप्रूफ’ किंवा ‘मरीन’ प्लाय म्हणजे फिनॉलचा. पाण्याला टिकावा म्हणून घेतलेला महाग बोर्ड श्वासालाही बरा पडतो, हा योगायोग नाही. दोन्हींचे कारण तो पक्का बंधच आहे. बेंगळुरूत १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्लायवूड संशोधन संस्थेने गोंदावर दीर्घकाळ काम केले आहे. गोंदातले फॉर्माल्डिहाइडचे प्रमाण युरियाच्या तुलनेत कमी करणे, हा जगभर वापरलेला मुख्य उपाय. २०२४ मध्ये केंद्राने काढलेल्या गुणवत्ता नियंत्रण आदेशांनी प्लायवूड आणि लाकडी बोर्डांना मानक चिन्ह सक्तीचे करण्याकडे पाऊल टाकले, म्हणजे रंगाच्या बाबतीत जी वाट २०१६ मध्ये धरली तीच. घरात करायचे ते साधे: बोर्डाच्या कापलेल्या उघड्या कडा लॅमिनेटच्या पट्टीने किंवा सीलरने बंद करायच्या, आणि नवे कपाट काही दिवस उघडे ठेवून खिडक्या मोकळ्या सोडायच्या.

जुन्या सामानाचे काय

२०१७ चा नियम डब्याला लागू आहे, पलंगाला नाही. लष्कर मोहल्ल्यातल्या, पुण्याच्या पेठांतल्या, सावंतवाडीच्या आणि बेळगावच्या जुन्या घरांतला आजोबांच्या वेळचा पलंग अजून तिथेच आहे, आणि त्याच्या सर्वांत खालच्या थरात बहुधा शेंदूर किंवा सफेदा आहे. वरचा रंग शाबूत असेपर्यंत तो फारसे काही करत नाही. खरा प्रसंग येतो नवा रंग द्यायच्या दिवशी. रंगारी कोरडा पॉलिश पेपर घेऊन घासायला बसतो आणि चाळीस वर्षांचे शिसे तासाभरात हवेत आणि जमिनीवर येते. सर्वांत जास्त त्याच्याच छातीत. संध्याकाळी कोणीतरी केरसुणीने ती धूळ झाडते आणि उरलेली घरभर पसरते.

उपाय जुनेच आहेत. पृष्ठभाग ओला करून पाण्याच्या पॉलिश पेपरने घासायचे, खाली प्लास्टिक अंथरायचे, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे, झाडायचे नाही. ब्लो लँपने रंग जाळून काढायचा नाही, कारण त्या उष्णतेला शिशाची वाफ निघते. काम चालू असताना मुले आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत. रंगाऱ्याने मास्क लावायचा, आणि जेवण्यापूर्वी हात आणि तोंड धुवायचे. रंग धड असेल तर खरवडण्यापेक्षा वरून नवा हात देणे बरे.

आणि मोडीत निघालेल्या पलंगाचे तुकडे, चौकटी, फळ्या आपल्याकडे जातात कुठे? बंबात. फुकटचे जळण म्हणून आंघोळीचे पाणी त्यावर तापते. लाकूड जळते, शिसे जळून नाहीसे होत नाही. थोडे धुरात जाते, उरलेले राखेत. ती राख पुष्कळ घरांत भांडी घासायला ठेवलेली असते.